मोठ्या खंडानंतर पुन्हा इलेक्ट्रॉनिक संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००० ते २०१२च्या सुमारास फ्रूटी लूप्स (आजचं एफएल स्टुडिओ), क्यूबेस एसएक्स, रीझन अशा संगीत-सॉफ्टवेअरवर किंवा एखाद्या सिंथवर (सिंथेसायझरवर) काम करणारे आणि मग नोकरी-संसारात ते बाजूला ठेवलेले अनेक जण आता परत वळतात. त्यांच्याकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. नव्याने शिकणाऱ्यांना यातला अर्धाच भाग लागू पडेल.

आधी नवा लॅपटॉप घ्यावा की जुना पीसी उघडावा?

आधी जुना पीसी. लॅपटॉप पुढच्या महिन्यातही मिळेल. जुनी हार्ड डिस्क, घरी लिहिलेल्या सीडी आणि सिंथच्या आतली बॅटरी मात्र कपाटात पडल्या पडल्या खराब होत असतात, आणि कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत जास्तच. पहिला महिना काहीही विकत घेऊ नका, फक्त जुनं काम वाचवा. ते ऐकताना आपल्याला नेमकं काय करायला आवडत होतं हे कळतं, आणि पुढची खरेदी निम्म्यावर येते.

पीसी दहा वर्षं बंद आहे. सरळ चालू करू का?

नको. प्लग काढून कॅबिनेट उघडा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवून धूळ उडवा. मदरबोर्डवरचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर पाहा. डोकं फुगलेलं असेल किंवा तपकिरी द्रव सुकलेला दिसला तर तो बोर्ड चालू करू नका. २०००च्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांमध्ये हा दोष होता.

बोर्ड ठीक दिसला तरी आधी हार्ड डिस्क बाहेर काढा. आयडीई किंवा साटा ते यूएसबी अडॅप्टर लावून दुसऱ्या संगणकावर तिची संपूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तो अडॅप्टरसोबत आहे ना ते बघून घ्या. आयडीई डिस्कचा जंपर 'मास्टर'वर ठेवा. नुसतं 'माय म्युझिक' फोल्डर कॉपी करून भागत नाही: प्लगिन (मुख्य सॉफ्टवेअरच्या आत चालणारे सिंथ आणि इफेक्ट), त्यांचे प्रीसेट (साठवलेले आवाज) आणि बरेच सॅम्पल (ध्वनीचे तुकडे) सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतात, आणि प्रोजेक्ट ते तिथेच शोधतो. डिस्कमधून टक-टक आवाज आला तर लगेच वीज बंद करा आणि ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केले की उरलेलंही जातं.

इमेज सुरक्षित झाली की डिस्क परत बसवा, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला, बायोसमध्ये तारीख नीट लावा आणि मग पीसी चालू करा. इंटरनेटची वायर लावू नका. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं २०१४मध्ये थांबलं. त्या काळातल्या कीजेन (चोरीच्या सॉफ्टवेअरचे नंबर बनवणाऱ्या) फाइलींमध्ये व्हायरस असणं अगदी सामान्य आहे, त्यामुळे डिस्कवरचं काहीही नव्या संगणकावर आणण्याआधी स्कॅन करा.

जुना पीसी चालू झाला. आता नेमकं काय वाचवायचं?

जुनं सॉफ्टवेअर अजून जिवंत असताना प्रत्येक प्रोजेक्टचे स्टेम्स, म्हणजे एकेका ट्रॅकच्या वेगळ्या ऑडिओ फाइली, काढा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा, कारण नव्या संगणकावर तोच प्लगिन तसाच वाजेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ऑडिओ फाइल मात्र कुठेही वाजते.

१. आधी पूर्ण मिक्स एक्स्पोर्ट करा, २४ बिट वेव्हमध्ये. पुढे तुलनेसाठी हाच संदर्भ.
२. मास्टरवरचे, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या वाहिनीवरचे, लिमिटर, कॉम्प्रेसर बंद करा.
३. प्रत्येक ट्रॅक एकेकटा, पहिल्या बारपासून (बार म्हणजे सहसा चार ठोके) शेवटपर्यंत एक्स्पोर्ट करा. मधूनच सुरू होणाऱ्या ट्रॅकलाही आधीची शांतता राहू द्या. सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू झाल्या तरच त्या पुन्हा जुळतात.
४. रिव्हर्ब, डिले असलेले ट्रॅक दोनदा काढा: एकदा इफेक्टसह, एकदा कोरे.
५. मिडी फाइल (कुठला सूर कधी वाजला याची नोंद) वेगळी काढा.
६. फाइलच्या नावात टेम्पो आणि स्वर लिहा, उदाहरणार्थ 'बास_१४५_ए'. टेम्पो मधे बदलत असेल तर तेही नोंदवा.
७. प्रत्येक सिंथ प्लगिनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट घ्या. प्लगिन मेला तरी फिल्टर, एन्व्हलप, एलएफओचे आकडे पाहून तोच आवाज दुसऱ्या सिंथवर बराचसा उभा करता येतो.

एफएल स्टुडिओमध्ये 'झिप्ड लूप पॅकेज' म्हणून एक्स्पोर्ट केलं तर सॅम्पल सोबत येतात. एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' वापरा. हे न करता नुसती प्रोजेक्ट फाइल नेली तर नव्या ठिकाणी ड्रम मुके होतात.

जुना प्रोजेक्ट नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, पण निम्मे प्लगिन 'सापडत नाहीत' म्हणतो. का?

तेव्हाचे प्लगिन ३२ बिटचे होते आणि आजचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं आहे. विंडोजवर वाट आहे: एफएल स्टुडिओ आणि रीपर यांच्यात स्वतःचा ब्रिज आहे, ते ३२ बिट प्लगिन वेगळ्या प्रक्रियेत चालवतात. इतर सॉफ्टवेअरसाठी जेब्रिज नावाचं विकत मिळणारं साधन आहे. ब्रिजमधला प्लगिन अधूनमधून कोसळतो, म्हणून तो वाजला की लगेच ऑडिओ करून ठेवा. त्यावर नवं गाणं रचू नका.

मॅकवर मॅकओएस कॅटालिनापासून, म्हणजे २०१९पासून, ३२ बिट काहीच चालत नाही. त्याहून जुनी प्रणाली असलेला मॅक शोधणं हाच उपाय.

दुसरं कारण रीवायर, म्हणजे दोन संगीत-सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणारी सोय. रीझन आणि क्यूबेस, किंवा रीझन आणि लाइव्ह जोडून केलेली गाणी आता तशी उघडत नाहीत, कारण रीवायर २०२०अखेर बंद झालं. रीझनचा भाग नव्या रीझनमध्ये उघडून स्टेम्स काढा. आता रीझनचा रॅक प्लगिन म्हणूनही मिळतो.

प्रोजेक्ट गेला, फक्त एमपी३ उरली आहे.

पूर्वी इथे विषय संपायचा. आता डीमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर अशी मोफत साधनं ड्रम, बास, गायन आणि बाकीचं असे चार भाग वेगळे करतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरलेलं नसतं, आणि वेगळे केलेले हायहॅट पाण्यात वाजल्यासारखे येतात. म्हणून या भागांचा उपयोग नकाशासारखा करा: बासचे सूर आणि ड्रमची जागा त्यावरून घ्या, आवाज नवे लावा. तुमची जुनी रचना त्यातून बरीचशी परत येते.

सीडी, फ्लॉपी, डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेट यांचं काय?

सीडी वाचताना वेग कमी ठेवा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह संगणकाच्या १.४४ एमबी फ्लॉपी वाचतो, पण सॅम्पलर आणि सिंथच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या सहसा वाचत नाही. त्या त्याच यंत्रावर लोड कराव्या लागतात. नव्वदच्या दशकात गोव्यातल्या अंजुणाच्या पार्ट्यांमध्ये डीजे ज्यावरून गाणी वाजवत त्या डॅट कॅसेट कोणाकडे असतील तर घरच्या बंद पडलेल्या डॅट मशीनमध्ये घालू नका. आतले रबरी भाग कडक झाले असतील तर फीत अडकून तुटते. आधी मशीन सर्व्हिस, मग कॅसेट.

जुना सिंथ चालू करण्याआधी काय बघायचं?

व्होल्टेज. अमेरिकेतून आणलेला सिंथ १२० व्होल्टचा आणि जपानमधून आणलेला १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावला तर फ्यूज जातो, कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो. मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याच्या दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बाहेरचा अडॅप्टर हरवला असेल तर नुसते ९ व्होल्ट जुळवून चालत नाही. पिनच्या मध्यभागी ऋण की धन हे बघा: बॉसच्या पेडलना मध्यभागी ऋण लागतं, कोर्ग व्होल्काला मध्यभागी धन.

मग बॅटरी. बऱ्याच सिंथमध्ये तुमचे आवाज एका सीआर२०३२वर टिकून असतात. ती काढली की आवाज पुसले जातात. म्हणून आधी मिडीवरून सिसेक्स डंप, म्हणजे सिंथमधल्या आवाजांची संगणकावर प्रत, घ्या: विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन. यामाहा डीएक्स७च्या ३२ आवाजांची पूर्ण बँक बरोबर ४,१०४ बाइट्सची असते. फाइल कमी भरली तर डंप अर्धवट आहे. असं झालं की दोष बहुधा स्वस्त यूएसबी-मिडी केबलचा असतो. अशा केबल साधे सूर नीट पाठवतात, पण सिसेक्सचे लांब संदेश तोडतात. डीएक्स७ची बॅटरी सोल्डर केलेली आहे. हात बसलेला नसेल तर कारागिराकडून बदलून घ्या आणि होल्डर बसवायला सांगा.

कीबोर्डच्या काही पट्ट्या मुक्या झाल्या असतील किंवा हलकं दाबूनही जोरात वाजत असतील, तर ते यंत्र बिघडलेलं नाही. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात आणि त्यांच्यातल्या वेळेच्या फरकावरून किती जोरात दाबलं हे ठरतं. एकावर धूळ किंवा बुरशी बसली की हिशोब चुकतो. रबरी पट्टी सोडवून संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवताना सोबत सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते वाळवा.

स्पीकरच्या कोनाभोवतीची कड बोटाने हळूच दाबून बघा. फोमची असेल तर चुरा होतो. रबरी कड टिकते. फोमची कड बदलून मिळते, त्यासाठी स्पीकर टाकून देऊ नका.

सगळं जोडलं, पण सतत 'हम्म' येतोय.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर चार्जर दोषी आहे, बहुतेक वेळा दोन पिनांचा. अंगाला झिणझिण्या येतात त्याही त्यातूनच. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, तीन पिनांनी लावा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी घराची अर्थिंग दुरुस्त करा. ऑडिओ इंटरफेसपासून (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीपासून) स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस (तीन संपर्कांच्या जॅकची) केबल वापरा, सिंथसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (मधे लावायची छोटी पेटी). अर्थिंगची पिन तोडून हम्म बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो.

बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, मोठा आहे. हिशोब सोपा आहे: बफरमधले नमुने भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने). ४४,१०० हर्ट्झवर ५१२चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १२८चा म्हणजे २.९. इंटरफेस आणि यूएसबीचा वेळ यात आणखी भरतो. वाजवताना १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ ठेवा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एसिओ (आवाजाला कमी उशीर लावणारा) ड्रायव्हर घ्या. एसिओ४ऑल ही तात्पुरती सोय आहे. बफर लहान केल्यावर चरचर आली तर वाय-फाय बंद करून बघा आणि पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्या. जुन्या फायरवायर इंटरफेसवर वेळ घालवू नका. नवा घेताना तो 'क्लास कम्प्लायंट' (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणारा) असेल असं बघा, म्हणजे ड्रायव्हर बंद झाला तरी तो चालत राहील.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

जे येत होतं तेच. हाताला सवय असते आणि ती लवकर परत येते. एफएल स्टुडिओ पूर्वी विकत घेतलं असेल तर जुन्या ईमेलने लॉगिन करा. त्याची अपडेट आयुष्यभर मोफत आहेत, आजची आवृत्तीही तुमचीच आहे. त्याच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. क्यूबेसला २०२२च्या १२व्या आवृत्तीपासून डाँगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लागत नाही. पैसे घालायचे नसतील तर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं.

सिंथ विकत घेण्याची घाई नको. व्हायटल, सर्ज एक्सटी आणि डीएक्स७च्या पद्धतीचा डेक्स्ड हे तिन्ही मोफत मिळतात, आणि २००५ साली पैसे देऊन घेतलेल्या बहुतेक प्लगिनपेक्षा सरस आहेत. संगणकाला १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे.

फ्लॅटमधल्या खोलीत बास नीट कळत नाही.

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. १० फुटांच्या अंतरात उभी राहणारी पहिली लहर ५६ हर्ट्झची असते, १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झची. रुंदी आणि उंची सारखी असल्यामुळे ५६ हर्ट्झचा घोटाळा दुप्पट होतो. तुम्ही बसता दोन भिंतींच्या मधोमध, कान जमीन आणि छताच्या साधारण मध्यावर. नेमका तिथेच हा सूर क्षीण असतो. किक (ड्रमचा खोल ठोका) ५५ हर्ट्झवर असेल तर ती कमी वाटते, तुम्ही ती वाढवता, आणि गाडीत तेच गाणं घुमतं.

उपाय: स्पीकर १० फुटांच्या भिंतीसमोर ठेवून १२ फुटांच्या दिशेने तोंड करा आणि समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा. कोपऱ्यांमध्ये १०० मिलिमीटर जाडीचे, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे रॉकवूल पॅनल कापडात शिवून उभे करा. अंड्यांच्या ट्रेंनी बासवर काहीही परिणाम होत नाही. पॅनल शक्य नसतील तर ४० ते १०० हर्ट्झचे साधे साइन सूर एकेक करून वाजवा, कुठला गायब होतो आणि कुठला घुमतो ते लिहून भिंतीवर लावा. बासचा अंतिम निर्णय हेडफोनवर घ्या.

पंचेचाळिशीत कान पूर्वीसारखे राहिलेत का?

वरच्या पट्टीत घट झालेली असणारच, ती सगळ्यांची होते. ईएनटी डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करून घ्या. नेहमीची चाचणी ८ किलोहर्ट्झपर्यंतच होते, त्याच्या वरचं तुम्हाला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर बघावं लागेल. आवडत्या गाण्याचा आलेख शेजारी ठेवा आणि १० किलोहर्ट्झच्या वर त्याच्यापेक्षा फार पुढे जाऊ नका. कमी ऐकू येतं म्हणून ट्रेबल वाढवलेला मिक्स विशीतल्या श्रोत्याला टोचतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. कानात सतत शिटी वाजत असेल तर हेडफोन बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आठ बारचा लूप छान होतो, पुढे गाणं जात नाही.

खंडानंतर जवळजवळ सगळे इथे अडकतात. कान तयार असतो, रचनेची सवय गेलेली असते. एखादं पूर्ण झालेलं गाणं प्रोजेक्टमध्ये टाका, टेम्पो जुळवा आणि दर १६ बारला काय आलं, काय गेलं याच्या खुणा करा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट, त्यामुळे सहा मिनिटांचं गाणं म्हणजे असे सहा तुकडे. १४५च्या गोवा ट्रान्सला ३२ बार साधारण ५३ सेकंदांत संपतात. तुमचा लूप सगळ्या सहा तुकड्यांवर पसरवा आणि मग खोडत चला. पहिल्या तुकड्यात फक्त किक आणि एक आवाज, चौथ्यात किक नाही. भर घालण्यापेक्षा खोडण्यातून रचना लवकर आकार घेते. पहिली तीन गाणी आठ ट्रॅक आणि एकाच सिंथवर पूर्ण करा, कशीही झाली तरी.

रागावर काम करायचं आहे, पण सिंथचा गंधार खटकतो.

खटकणारच. सिंथचे बारा सूर समान अंतरावर आहेत. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली, शुद्ध धैवत १६ सेंट खाली, कोमल गंधार १६ सेंट वर असतो. सर्ज एक्सटी आणि व्हायटल या दोन्हींत स्काला फाइल (सुरांची अंतरं लिहिलेली फाइल) लावून हे बदलता येतं. एबलटन लाइव्हच्या २०२४च्या १२व्या आवृत्तीत ही सोय सगळ्या प्रोजेक्टला मिळते. षड्ज नेमका कुठे आहे ते फाइलमध्ये आधी ठरवा, तो चुकला तर सगळंच सरकतं.

मींडेसाठी पिच बेंडची मर्यादा १२ करा, किंवा ग्लाइड वापरा. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंडचा बास सिंथ टीबी-३०३, ड्रम मशीन टीआर-८०८ आणि सिंथ ज्युपिटर-८ वापरून डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर ते जगभर पोचले. टीबी-३०३ची स्लाइड साधारण ६० मिलिसेकंदांची असते. सॉ-टूथ लहर, लो-पास फिल्टर खाली, रेझोनन्स वर, एन्व्हलपचा डीके २०० ते ३०० मिलिसेकंद आणि ग्लाइड ६० ठेवून कुठल्याही मोफत सिंथवर त्या जातीचा आवाज निघतो. रूपकच्या सात मात्रांसाठी सिक्वेन्सर १६ऐवजी १४ किंवा २८ पायऱ्यांचा करा.

मास्टर किती मोठा ठेवायचा? तेव्हा आम्ही लिमिटर रेटून लावायचो.

आता त्याचा फायदा नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, म्हणजे उणे ६वर चेपलेलं गाणं ८ डेसिबलने खाली येतं आणि चेपल्याची हानी तेवढी उरते. नाचायच्या संगीतासाठी उणे ९-१०च्या आसपास थांबा. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ ठेवा, नाहीतर एमपी३ किंवा एएसी करताना फाटतं.

जुन्या गाण्याचा तुकडा वापरला होता. आता प्रकाशित करता येईल?

दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाची आणि मूळ चाल-शब्दांची. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे १९६०मध्ये निघालेल्या तबकडीचा हक्क २०२०अखेर संपला. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र संगीतकार आणि गीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे त्याच तबकडीचा दुसरा हक्क अजून जिवंत असू शकतो. तुकडा किती सेकंदांचा आहे याने सूट मिळत नाही. परवानगी मिळत नसेल तर तो काढा आणि त्या जागी स्वतःचं काही वाजवा. स्टेम्स वेगळे काढलेले असतील तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

स्वतःची रचना असेल तर संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या. आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, बहुतेक वितरक स्वतःच देतात. गाणं पूर्वी कुठे प्रकाशित झालं असेल तर जुनाच क्रमांक वापरा.